समुद्रकाठच्या घरासाठी नवा फोन: आयफोन की अँड्रॉइड?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, हापूसची बेताची बाग, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने. हातातल्या पाच वर्षांच्या अँड्रॉइडची बॅटरी दुपारीच मान टाकते. मुंबईतला मुलगा म्हणतो, "आई, आता आयफोनच घे." चिपळूणचा दुकानदार म्हणतो, तेवढ्या पैशांत दोन चांगले अँड्रॉइड येतील. बजेट तीस हजार, अगदी ताणलं तर सत्तर. घ्यावं काय?

आधी सरळ उत्तर. तुमच्या कामांसाठी पंचवीस ते पस्तीस हजारांतला अँड्रॉइड घ्या, पण दोन अटींवर. खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ (पाणी आणि धूळ आत न जाऊ देण्याचा दर्जा) लिहिलेलं हवं, आणि कंपनीने सहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलेलं हवं. आयफोन वाईट आहे असं मुळीच नाही, तो कोणी घ्यावा तेही पुढे येतं. पण व्हॉट्सॲप, यूपीआय, फोटो, नकाशे या रोजच्या कामांत आजचा कुठलाही बरा अँड्रॉइड आणि आयफोन यांत फारसा फरक उरलेला नाही. फरक कळतो तो फोन भिजला, पडला किंवा रेंज गेली की. किनाऱ्यावर या तिन्ही गोष्टी होतातच, त्यामुळे निवड तिथून सुरू करावी.

म्हणून कॅमेरा वगैरे बघायच्या आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर बघा. कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाका आणि जवळचं सेंटर कुठे दाखवतंय ते पाहा. दुकानदाराच्या "होऊन जाईल हो, काळजी नको" वर जाऊ नका. आयफोनच्या बाबतीत दक्षिण कोकणातून कोल्हापूर किंवा गोवा, उत्तरेकडून पनवेल-मुंबई असा प्रवास धरूनच चालावं. जाऊन-येऊन एक दिवस मोडतो, पार्ट मागवावा लागला तर दुसरी फेरी. अँड्रॉइडमध्येही सगळ्या कंपन्या एका माळेच्या नाहीत. ज्यांचे फोन चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीच्या बाजारात भरपूर खपतात, त्यांचा डिस्प्ले किंवा चार्जिंग पोर्ट मिळायला फार वाट बघावी लागत नाही. फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एखाद्या नव्या ब्रँडचा फोन कागदावर कितीही भारी दिसला, तरी त्याची स्क्रीन फुटली की दुरुस्तीवाला हात वर करतो. घेण्याआधीच त्याला विचारा: या मॉडेलचा डिस्प्ले मिळतो का, आणि कितीला? कडेला वळणारी, कर्व्ह्ड म्हणतात ती स्क्रीन टाळा. सपाट स्क्रीनपेक्षा ती महाग पडते आणि तिला काचेचा गार्डही धड बसत नाही.

आयफोनला बाहेरची स्क्रीन किंवा बॅटरी बसवली तर फोन चालतो, पण सेटिंग्जमध्ये तो पार्ट अनोळखी असल्याची नोंद दिसत राहते. बॅटरीची तब्येत दाखवणारा टक्का गायब होऊ शकतो, आणि विकताना गिऱ्हाईक नेमकं तेच उघडून बघतं. जवळ अधिकृत सेंटर नसेल तर आयफोनच्या चांगल्या रिसेल किमतीचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

आता खारं पाणी. याबद्दल गैरसमज फार आहेत. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी ६८ मध्ये खोली कंपनी ठरवते. ॲपल आयफोन १२ पासून बहुतेक मॉडेलना ६ मीटर, ३० मिनिटं सांगतं. आयपी ६९ म्हणजे गरम पाण्याचा जोरदार फवारा. या सगळ्या चाचण्या साध्या गोड्या पाण्यात होतात, समुद्र त्यात कुठेच येत नाही. शिवाय पाण्याचं नुकसान सर्वसाधारण वॉरंटीत धरलं जात नाही. सिम ट्रेच्या खोबणीत एक बारीक पांढरी खूण असते, ती पाणी लागलं की लाल होते. सेंटरमधला माणूस आधी टॉर्च मारून तीच बघतो.

खरं मरण असतं ते चार्जिंग पोर्टचं. टाइप-सी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. मधोमध एक बारीक जीभ दिसेल आणि तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा पिना. त्यांतलं अंतर एका मिलिमीटरपेक्षा कमी असतं. तिथे खाऱ्या पाण्याचा थेंब बसला आणि तुम्ही चार्जर लावलात की मिठाच्या पाण्यातून एका पिनेवरून दुसरीवर वीज वाहू लागते, वरचा मुलामा उडतो आणि खालचं तांबं हिरवं पडतं. मग "केबल जरा वाकडी धरली की चार्ज होतो" ही ओळखीची तक्रार सुरू होते. फोन समुद्रात पडलाच पाहिजे असंही नाही. पोर्टमध्ये बसलेलं हवेतलं मीठ पावसाळ्यात ओल ओढून घेतं आणि कोरड्या खिशातला फोनसुद्धा ओलावा असल्याची सूचना देतो. ही सूचना आयफोनही देतो आणि बरेच अँड्रॉइडही. ती आली की 'तरीही चार्ज करा' हे बटण दाबू नका.

फोन खाऱ्या पाण्यात पडला तर काय करायचं हे लक्षात ठेवा. ताबडतोब बंद करा, कव्हर काढा. आयपी ६७ किंवा ६८ चा असेल, काच तडकलेली नसेल आणि आधी कधी दुरुस्तीसाठी उघडलेला नसेल, तर नळाच्या बारीक धारेखाली थोडा वेळ धरून मीठ धुऊन काढा. वाळलेलं मीठ ओल्या मिठापेक्षा जास्त त्रास देतं. मग फडक्याने टिपा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. फोन वरून सुकला की सिम ट्रे काढा. त्या दिवशी चार्जर लावूच नका. तांदळाच्या डब्यात फोन पुरणं बंद करा, तांदळाची पूड आणि कण पोर्टमध्ये जातात. ॲपलही ते करू नका म्हणतं. हेअर ड्रायर नको आणि ऊन दाखवणंही नको. फोनला आयपी दर्जाच नसेल तर घरी धुवायचा नाही. तो बंद अवस्थेतच त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायला सांगा. दोन दिवस "सुकू दे" म्हणून थांबलात तर बोर्डाला गंज धरतो.

आणखी एक: स्क्रीन किंवा मागची काच बदलली की कारखान्यातलं सील गेलं. दुरुस्तीवाल्याने नवी चिकटपट्टी नीट बसवली नाही तर आयपी ६८ हा फक्त खोक्यावरचा छापील मजकूर उरतो. जुना आयफोन स्वस्तात घेऊन किनाऱ्यावर वापरणाऱ्यांचे फोन इथेच मार खातात.

रेंजचं बघू. चिऱ्याची जाड भिंत, पावसाळ्यात ती पाणी पिऊन ओली, पाठीमागे डोंगर आणि टॉवर पलीकडच्या गावात. अशा घरात फोनच्या किमतीपेक्षा सिम कोणतं आणि बँड (सिग्नलच्या लहरींचा पट्टा) कोणता याला महत्त्व जास्त. कमी फ्रिक्वेन्सीची लहर भिंतीतून आत येते, जास्तीची दारातच अडते. जिओचं ५जी आणि बीएसएनएलचं ४जी या दोघांकडेही ७०० मेगाहर्ट्झचा बँड आहे. म्हणून फोनच्या तपशिलात ४जी मध्ये बँड २८ आणि ५जी मध्ये एन २८ आहे की नाही ते वाचून घ्या. अलीकडच्या आयफोनमध्ये दोन्ही असतात, अँड्रॉइडमध्ये मात्र मॉडेलनुसार बदलतं आणि स्वस्तातल्या फोनमध्ये नेमका तोच गाळलेला असू शकतो. बीएसएनएल वापरत असाल तर त्याच्या ४जी वर थेट कॉल लागतो का, हे दुकानात सिम घालूनच तपासा.

सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये बहुधा सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की उणे चिन्हासह सिग्नलच्या ताकदीचा, म्हणजे डीबीएमचा आकडा मिळतो. आयफोनवर डायलरमध्ये *३००१#१२३४५#* टाकून कॉल दाबला की चाचणीचा पडदा उघडतो, त्यातला आरएसआरपी बघायचा, तोच हा ताकदीचा आकडा. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० म्हणजे जेमतेम, उणे १२० च्या जवळ गेलं की कॉल तुटणारच. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्याचा फोन घेऊन माजघर, पडवी आणि पाहुण्यांच्या खोल्या अशी एक चक्कर मारा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कोणता फोन घ्यावा यापेक्षा कोणतं दुसरं सिम घ्यावं याचं उत्तर त्यातून मिळतं. गणपतीत चाकरमानी आले की टॉवर गच्च भरतो, दांड्या पूर्ण आणि नेट मात्र ढिम्म. तेव्हा सत्तर हजारांचा फोनही काही करू शकत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिमच कामाला येतं.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल) चालू करा. दोन्हीकडे सिमच्या किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये तो पर्याय असतो, आणि चिऱ्याच्या घरात त्याने मोठा फरक पडतो. राउटर इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर वीज गेली की कॉलही गेला.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एक साधं सिम आणि एक ईसिम (फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम) असं चालतं. आयफोन एअरमध्ये तर फक्त ईसिमच. मध्यम किमतीच्या अँड्रॉइडमध्ये सहसा दोन साध्या सिमची जागा असते. इथे माझं मत ठाम आहे: बँकेला जोडलेला नंबर ईसिमवर नेऊ नका. फोन पाण्यात जाऊन मेला तर साधं सिम काढून घरातल्या कुठल्याही फोनमध्ये घालता येतं आणि पाच मिनिटांत ओटीपी येऊ लागतो. ईसिमला पुन्हा कंपनीच्या प्रक्रियेतून जावं लागतं, तेही रेंज नसलेल्या गावातून. आयफोनच्या जाहिरातीत दिसणारी उपग्रहावरून मदत मागण्याची सोय भारतात चालत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

फोनचं लॉक उघडायचं कशाने, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. काजूगराच्या कारखान्यात किंवा घरी काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं बघा. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटलेली, ठशांच्या रेषा पुसट झालेल्या. स्क्रीनखालचा ठसा-वाचक अशा बोटाला पुन्हा-पुन्हा नाकारतो. मासळी निवडताना, पावसात किंवा घामेजल्या हातानेही तेच. मध्यम किमतीच्या फोनमधले बहुतेक वाचक प्रकाशावर चालतात आणि पाण्याचा थर आला की फसतात. महागड्या फोनमधला अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारा वाचक जरा बरा. आयफोनचं फेस आयडी इथे खरोखर सरस आहे. ते चेहऱ्याची खोली मोजतं, अंधारात चालतं, ओल्या हाताचा प्रश्नच येत नाही आणि बँकेची ॲप ते मान्य करतात. बहुतेक अँड्रॉइडचं तोंड बघून उघडणं म्हणजे साधा फोटो जुळवणं असतं, बँकेची ॲप त्यावर विसंबत नाहीत. तुमच्या घरात काजूचं काम असेल आणि अँड्रॉइड घेणार असाल, तर काम नसलेल्या दिवसांत एकाच अंगठ्याचा ठसा दोनदा नोंदवा आणि सहा आकडी पिन पाठ ठेवा.

ॲपबाबत एक पक्की सवय लावा. वर्षभरात जी सरकारी आणि धंद्याची ॲप लागतात त्यांची यादी कागदावर लिहा आणि आयफोन घेण्याआधी मुलाच्या आयफोनवरच्या ॲप स्टोअरमध्ये एकेक शोधा. २०२१ पासून सातबाऱ्यावर पीक नोंदवायला ई-पीक पाहणी आली, त्यासाठी बागेत उभं राहून लोकेशनसह फोटो टाकावा लागतो आणि आंबा-काजूच्या विम्याशी ही नोंद जोडलेली आहे. गावपातळीवरची अशी ॲप अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून बनतात; तलाठी, कृषी सहायक, सीएससीवाला (सरकारी सेवा केंद्र चालवणारा) सगळ्यांच्या हातात तोच. अडलात तर दाखवणारा माणूस अँड्रॉइडवरच दाखवतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) सचेत, कोसळणाऱ्या विजांचा इशारा देणारं दामिनी ही मात्र दोन्हीकडे मिळतात. पावसाळ्याआधी दोन्ही टाकून ठेवा.

आयफोनच्या बाजूचा मोठा मुद्दा सुरक्षिततेचा. व्हॉट्सॲपवर 'वाहन चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी' अशा नावाने एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) येते. ती अँड्रॉइडवर उघडली की एसएमएस वाचणारं ॲप बसतं आणि खातं रिकामं होतं. आयफोनवर एपीके बसतच नाही. अँड्रॉइडवर हा दरवाजा बंद करता येतो: सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' शोधून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिघांची परवानगी काढा, प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासण्याची सोय) चालू ठेवा. सॅमसंगमध्ये ऑटो ब्लॉकर नावाची सोय आहे, ती चालू करा. फोन हातात आला की पहिल्या अर्ध्या तासात हे करायचं.

अपडेटचा हिशेब साधा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ हे आयफोनचं सॉफ्टवेअर २०१९ च्या आयफोन ११ वरही चालतं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षं जाहीर केली, सॅमसंगच्या ए मालिकेतल्या २०२५ च्या ए २६, ए ३६, ए ५६ ना सहा वर्षं. बारा हजारांचे कित्येक फोन मात्र दोन वर्षांतच मागे पडतात. तीस हजार भागिले सहा केलं तर वर्षाला पाच हजार. बारा हजारांचा तीन वर्षांत बदलावा लागला तर वर्षाला चार, शिवाय दर वेळी सगळं नव्याने जुळवायचा ताप. रॅम ८ जीबी, स्टोरेज २५६ घ्या. पाहुण्यांचे, बागेचे व्हिडिओ १२८ लवकर भरतात, आणि आयफोनला मेमरी कार्डाची सोय नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. बॅटरीत आजचे मध्यम अँड्रॉइड पुढे आहेत: पाच ते सात हजार एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), तर साधा आयफोन साडेतीन-चार हजारांच्या घरात. आयफोन वीज जपून वापरतो, एरवीचा दिवस निघतो. पण रेंज शोधत बसलेला फोन कुठलाही असो, भराभर उतरतो. वीज गेली की ५जी बंद करून ४जी वर ठेवा. वीस हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएचचा फोन चार वेळा भरत नाही, व्होल्टेज बदलण्यातच बरंच जातं. अडीच वेळा धरा. मे महिन्यात पत्र्याखाली चार्जिंग नको. ३५ अंशांच्या वर फोन स्वतःच चार्जिंग हळू करू किंवा थांबवू शकतो, तो बिघाड नव्हे.

मराठी लिहिणं दोन्हीकडे ठीक चालतं. गूगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, आयफोनवरही मिळतो. बोलून टाइप करत असाल तर दुकानातच तुमच्या बोलीत दोन वाक्यं बोलून बघा, मगच ठरवा.

आयफोन कोणी घ्यावा? घरातले बाकी सगळे आयफोनवर आहेत, अडचण आली तर मुलगा व्हिडिओ कॉलवर पडदा बघून सांगू शकतो, वर्षातून दोनदा मुंबईला जाणं होतंच, आणि फोन सहा-सात वर्षं वापरायची तयारी आहे, तर बेलाशक घ्या. पण नवाच घ्या, आयफोन १५ किंवा त्यापुढचा, म्हणजे टाइप-सी मिळतं आणि गावातली कुठलीही केबल चालते. तुमच्या बजेटात १६ई (आला तेव्हा ५९,९०० रुपये) किंवा सवलतीत मिळालेलं मागच्या वर्षीचं मॉडेल बसतं. वापरलेला घेणारच असाल तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, केवायएम (KYM), मग जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ ला पाठवून फोनची नोंद तपासा, आणि विकणाऱ्याने तुमच्यासमोर स्वतःच्या ॲपल खात्यातून बाहेर पडून फोन रिसेट केल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी सामान हलवायचं काम. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप गूगलच्या बॅकअपमधून येतं, पण तो बॅकअप आता १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजला जातो. आधी 'सुप्रभात'चे व्हिडिओ उडवा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप लागतं आणि नवा आयफोन अगदी पहिल्या सेटअपच्या पडद्यावर असावा लागतो. आधी सेटअप पूर्ण करून मोकळे झालात तर पुन्हा रिसेट करावा लागेल. दोन्ही फोन चार्जरवर, एकाच वाय-फायवर, आणि मधे फोन उचलायचा नाही.

यूपीआय सर्वात शेवटी. बँकेचं सिम नव्या फोनमध्ये, त्यात एसएमएस जाईल एवढा बॅलन्स, आणि त्या वेळेपुरतं वाय-फाय बंद. आयफोनवर पडताळणीचा एसएमएस आपोआप जात नाही, तयार मेसेज उघडतो आणि 'पाठवा' आपण दाबायचं. बरेच जण तिथेच थांबून "अडकलंय" म्हणतात. नव्या फोनवर सुरुवातीला पैसे पाठवण्याची मर्यादा पाच हजारांच्या आसपास असते, ती साधारण एका दिवसाने उठते, आयफोनवर आणखी वेळ लागतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये, मजुरी आणि खोक्यांचे पैसे चुकते करायच्या आठवड्यात फोन बदलू नका. जुना फोन महिनाभर तसाच चार्ज करून ठेवा. एखाद्या ॲपचा पासवर्ड त्यातच अडकलेला निघतो.